बोटं आखडतात, एक्स-रे नॉर्मल आहे, मग हाताची सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई 52 वर्षांच्या, तीन महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, तासभर मूठ वळत नाही, एक्स-रे नॉर्मल, आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) जरासा वाढलेला, आणि डॉक्टरांनी दोन्ही हातांची सोनोग्राफी लिहून दिली. घरच्यांचं म्हणणं सोनोग्राफी पोटाची असते, हाताची कसली, आणि करायचीच तर एमआरआय का नको, आणि मग ही आता दर महिन्याला करावी लागणार का.

मी संधिवाताची डॉक्टर आहे, सतरा-अठरा वर्षं हेच करतेय, त्यातली दहाएक वर्षं स्वतः प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा दांडा, हातात धरून. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

आधी ते पोटाचं. प्रोब वेगळा असतो. पोटासाठी वाकडा, गोलसर प्रोब वापरतात, त्याची फ्रिक्वेन्सी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरी खोलवर जातात पण बारीक काही दिसत नाही. बोटांसाठी सरळ, चपटा प्रोब, 10 ते 18 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त. हा दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली फार काही बघत नाही, पण तेवढ्या जागेत मिलिमीटरच्याही आतलं दाखवतो, आणि बोटाच्या सांध्यात तर सगळं कातडीपासून अर्ध्या सेंटीमीटरवरच असतं. त्यामुळे उपाशीपोटी यायचं नाही, पाणी ढोसून लघवी धरून बसायचं नाही. हे लिहायचं कारण, माझ्याकडे एक काकू हाताच्या सोनोग्राफीला लिटरभर पाणी पिऊन आल्या होत्या, तासभर बाहेर चुळबुळत बसलेल्या, कुणी त्यांना विचारलंच नाही.

आता एक्स-रे नॉर्मल का. एक्स-रेत हाड दिसतं, आणि आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, तुमच्या आईंच्या लक्षणांवरून ज्याची शंका येते तो) आजार हाडापासून सुरू होत नाही, सांध्याच्या आतल्या अस्तरापासून होतो. ते अस्तर निरोगी माणसात इतकं पातळ असतं की सोनोग्राफीतही वेगळं ओळखू येत नाही. आजार झाला की ते सुजतं, जाड होतं, त्यात नवीन रक्तवाहिन्या फुटतात, पाणी साठतं, आणि मग महिन्यांनी किंवा वर्षांनी ते कडेचं हाड कुरतडायला लागतं. एक्स-रेत दिसतो तो शेवटचा भाग. म्हणजे तीन महिन्यांच्या आजारात एक्स-रे नॉर्मल असणं हे अपेक्षितच आहे, "काही नाहीये" असा त्याचा अर्थ काढायचा नाही. आरए फॅक्टरचंही तसंच, आमवात असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तरी तो निगेटिव्हच असतो. अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी केली नसेल तर ती करून घ्या, ती जास्त कामाची तपासणी आहे.

स्क्रीनवर काय दिसतं ते एका उदाहरणाने सांगते. खानावळीत पोळ्या करणाऱ्या एक बाई होत्या, रोजच्या दीड-दोनशे पोळ्या, उजव्या हाताची तर्जनी मुळाशी दुखायची. म्हणजे मूठ वळली की जे चार उंचवटे वर येतात त्यातला पहिला. हात भरलेला, मांसल, बोटांनी चाचपून मला सूज आहे की नाही ते नक्की कळेना, आणि कामामुळे दुखत असेल हेही पटण्यासारखं होतं. भरपूर जेल टाकलं, प्रोब नुसता जेलवर तरंगत ठेवला. खाली हाडाची पांढरी शुभ्र रेघ, उंचवट्यावरून गोल उतरणारी, हाडाच्या पलीकडे काळोख कारण लहरी हाडातून जातच नाहीत. त्या रेघेच्या वर, जिथे चपटं काहीतरी असायला हवं, तिथे करडट काळसर फुगवटा. आता हे पाणी की सुजलेलं अस्तर? हळूच दाबलं, पाणी असतं तर बाजूला सरकलं असतं, हे जागचं हललं नाही. मग पॉवर डॉपलर चालू केलं. डॉपलर म्हणजे जिथे रक्त वाहतंय तिथे रंग उमटतो, आणि निरोगी अस्तरात रक्त इतकं कमी आणि हळू वाहतं की रंग येतच नाही. इथे मात्र फुगवट्यात नारिंगी ठिपके, नाडीच्या ठोक्याबरोबर लुकलुकणारे. बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, चुलीत फुंकर मारल्यावर निखारे दिसतात तसं दिसतंय हो." मी आजवर ऐकलेलं डॉपलरचं सगळ्यात चांगलं वर्णन हेच.

मग प्रोब अंगठ्याच्या बाजूला नेला, कारण खड्डे तिथे लवकर पडतात. पांढऱ्या रेघेत एका जागी तुटक दिसलं. प्रोब नव्वद अंशात फिरवून परत पाहिलं, तिथेही तुटक. हा नियमच आहे, दोन्ही दिशांनी दिसलं तरच त्याला इरोजन म्हणायचं, एकाच दिशेने दिसलं तर हाडाची नैसर्गिक खाच असू शकते, हाताच्या उंचवट्यांवर अशा खाचा असतातच. त्यांच्या एक्स-रेत यातलं काही नव्हतं. यात नवल नाही, इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी 2000 साली आमवाताच्या 100 रुग्णांचे हेच सांधे तपासून दाखवलं होतं की आजार नवीन असतो तेव्हा सोनोग्राफीत एक्स-रेच्या साडेसहा पट इरोजन सापडतात.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली ती उगाच नाही. त्यांच्या मनात एक ठराविक प्रश्न आहे: या बोटांच्या आत आत्ता सूज आहे का? लक्षणं आमवातासारखी, रक्त धड हो म्हणत नाही धड नाही म्हणत नाही, हाताने चाचपून खात्री होत नाही, अशा ठिकाणी सोनोग्राफीएवढं उपयोगी दुसरं काही नाही. 2010 साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून आमवाताचे जे निकष ठरवले, त्यातही कोणते सांधे धरलेत ते पक्कं करायला सोनोग्राफी किंवा एमआरआय वापरायला मोकळीक आहे.

पण एक गोष्ट ती सांगत नाही, आणि इथे लोकांची फार गल्लत होते. सूज आहे एवढं ती सांगेल, सूज कशाची ते बऱ्याचदा सांगणार नाही. 2006 मध्ये आपल्याकडे चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा आणि त्यानंतरही दर थोड्या वर्षांनी आम्ही हे बघतोच, ताप जाऊन तीन-तीन महिने झाले तरी मनगटं सुजलेली, आणि त्यांच्या आणि आमवाताच्या सोनोग्राफीत फरक करता येत नाही, तेच जाड अस्तर, तेच टेंडनभोवती (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पाणी, तेच निखारे. तिथे आजाराचं नाव रक्ततपासणी, कुटुंबात कोणाला काय होतं, ताप कधी आला होता, कातडीवर सोरायसिसचे चट्टे आहेत का, यावरूनच ठरतं. आईंना गेल्या पावसाळ्यात अंग फोडून काढणारा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अपवाद गाऊटचा. तिथे सोनोग्राफी चक्क नाव घेऊन सांगू शकते. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक कुर्च्याच्या (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) वरच्या पृष्ठभागावर थर देऊन बसतात, त्यामुळे हाडाची एक पांढरी रेघ आणि तिच्यावर समांतर दुसरी पांढरी रेघ दिसते, मध्ये कुर्च्याचा काळा पट्टा. याला डबल कंटूर म्हणतात, 2015 च्या गाऊटच्या निकषांमध्ये याला गुण आहेत. दुसऱ्या एका प्रकारात कॅल्शियमचे स्फटिक बसतात, ते मात्र कुर्च्याच्या पोटात असतात, वर नाही. आणि गाऊटचा अटॅक चालू असताना रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, तेव्हा ही रेघ फार कामाला येते. औषध नीट चालू ठेवलं की काही महिन्यांत ती पुसट होत जाते, ते रुग्णाला दाखवलं की गोळी चुकवायचं प्रमाण कमी होतं, हा माझा अनुभव.

एमआरआय का नको? नको असं नाही, इथे गरज नाही. एमआरआयला हाडाच्या आतली सूज दिसते, सोनोग्राफीला हाडाच्या पृष्ठभागाच्या पलीकडे काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून कंबरेचा, मणक्याचा वात, ज्यात तरुण मुलं पहाटे कंबर धरून उठतात, तिथे सोनोग्राफीचा उपयोग नाही, तिथे एमआरआयच. पण हातापायाच्या बारीक सांध्यांत सोनोग्राफीत दोन्ही हात, मनगटं आणि हवं तर पायाची बोटंही एकाच बैठकीत होतात, बोट हलवून बघता येतं, जिथे दुखतं तिथेच प्रोब ठेवता येतो, खर्च कितीतरी कमी, आणि त्या बोगद्यात अर्धा तास निश्चल पडून राहायला नको. पायाचं आवर्जून सांगते कारण करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला इरोजन फार लवकर दिसतात आणि तिकडे कोणी बघतच नाही. हाताची सोनोग्राफी लिहिलेली असली तरी पायाच्या करंगळीकडे एक मिनिट बघा म्हणून सांगायला हरकत नाही.

गुडघ्याचं वेगळं. साध्या झिजेसाठी उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो, सोनोग्राफीत पाणी किती आहे, मागे बेकर्स सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, आहे का एवढं कळतं. ही सिस्ट फुटली तर पोटरी अशी सुजते की नसेत गुठळी झाली असं वाटावं, आणि या दोघांतला फरक सोनोग्राफीने कळतो हे 1972 सालीच छापून आलंय. म्हणजे सांध्यांची सोनोग्राफी हे काही कालचं खूळ नाही.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. ही तपासणी जितकी मशीनची तितकीच करणाऱ्याच्या हाताची आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः माती खाल्ली आहे. मे महिना, सोनोग्राफीच्या खोलीत एसी असा की दात वाजावेत, एक पेशंट रिक्षाने आलेली, अर्धा तास त्या गारठ्यात बसलेली, बोटं बर्फासारखी. अस्तर जाड दिसत होतं पण डॉपलर शून्य, मी लिहून मोकळी झाले की सूज जुनी आहे, आत्ता आजार शांत आहे. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आली, बोटं फुगून चमच्यासारखी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रंग गायब होतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं पण हात लावून बघायचं सुचलं नाही. वर बाई सकाळी दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन आलेली, त्यानेही डॉपलर कमी दिसू शकतं, तेही मी विचारलं नव्हतं. आणि आता शंका येते की प्रोबही दाबूनच धरला असेल, नव्या माणसाचा हात जड असतो, जरा दाब पडला की बारीक वाहिन्या चेपतात आणि निखारे विझतात. आता माझ्या खोलीत कोमट पाण्याचं तसराळं असतं, आधी पाच मिनिटं हात त्यात.

उलटी चूकही होते. टेंडनवर प्रोब जरा तिरका धरला की निरोगी टेंडनही काळं दिसतं, नवशिक्याला वाटतं सुजलंय किंवा फाटलंय. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात थोडं पाणी निरोगी माणसातही असतं. लहान मुलांत तर हाडं पूर्ण तयारच झालेली नसतात, कुर्च्याचा काळा भाग मोठा आणि त्यात नॉर्मल रक्तवाहिन्या दिसतात, मोठ्यांच्या चष्म्यातून बघितलं तर प्रत्येक मूल आजारी ठरेल. म्हणून रिपोर्टमध्ये "माइल्ड एफ्युजन" (सांध्यात थोडं पाणी) एवढंच वाचून घाबरायचं नाही, आणि पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या सेंटरमध्ये दोन मिनिटांत हात बघून "नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मलिटी" असा एका ओळीचा रिपोर्ट आला तर निश्चिंतही व्हायचं नाही. दोन्ही हात नीट बघायला वीसेक मिनिटं लागतातच.

तुम्ही म्हणाल मग संधिवाताच्या डॉक्टरांनी स्वतःच का करू नये. जर्मनी, इटलीत तसं सर्रास होतं. आपल्याकडे सोनोग्राफी मशीन कोणत्याही कामाला वापरा, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्राने तर देशाच्या 1994 च्या कायद्याच्याही आधी, 1988 मध्ये स्वतःचा कायदा केला होता. त्यामुळे मशीन पिशवीत घालून या क्लिनिकमधून त्या क्लिनिकमध्ये नेता येत नाही, कागदपत्रं, तपासण्या, सगळं आलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, तो कायदा का करावा लागला ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्याचा परिणाम असा की बहुतेक ठिकाणी हे काम रेडिओलॉजिस्टच करतात, आणि त्यातले सांध्यांचं काम नियमित करणारे थोडेच. साठीतली बाई बोटं दाखवायला येते आणि भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" वाचून मला विचारते, हे माझ्यासाठी आहे का.

दर महिन्याला करायची का? नाही. एकदा सुरुवातीला, औषध सुरू करण्याआधी, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहतं. नंतर फक्त अडेल तिथे. अडतं कधी, तर समजा सहा महिन्यांनी आई म्हणतात दुखतंच आहे, पण सूज दिसत नाही आणि रक्त नॉर्मल. दुखणं आमवाताचं आहे की झिजेचं, की झोप न लागण्यातून येणारं सगळ्या अंगाचं, हे ठरल्याशिवाय औषध वाढवायचं कसं? तिथे डॉपलर शून्य आलं तर औषध वाढवण्यात अर्थ नाही. किंवा बोटांना मुंग्या येताहेत, तेव्हा मनगटात नस दबलीय का तेही त्याच प्रोबने दिसतं. किंवा सगळं छान आहे आणि औषध कमी करायचं आहे. अशा शांत माणसांतही कधीकधी एखाद्या सांध्यात निखारे धुमसत असतात, आणि त्यांच्यात आजार उलटायची, हाड कुरतडलं जायची शक्यता जास्त असते, तेव्हा मी औषध कमी करताना जरा हात आखडता घेते.

पण प्रत्येक निखारा विझवायच्या मागे लागू नये, हेही तितकंच खरं. एके काळी आम्हा सगळ्यांना वाटायचं की सोनोग्राफी बघून औषध वाढवत नेलं तर निकाल चांगले येतील. नॉर्वेत आर्क्टिक नावाचा अभ्यास झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, दोनशेहून जास्त नवे रुग्ण, निम्म्यांचं औषध नेहमीसारखं तपासून ठरवलं आणि निम्म्यांचं त्यात सोनोग्राफीही धरून. दोन वर्षांनी ठरवलेलं उद्दिष्ट सोनोग्राफीच्या गटात 22 टक्क्यांनी गाठलं आणि साध्या तपासणीच्या गटात 19 टक्क्यांनी, म्हणजे फरक धरण्यासारखा नाहीच. तेव्हापासून मी नुसत्या रंगावर औषध वाढवणं सोडलं. पेशंट बरी आहे, पोळ्या लाटतेय, रक्त नॉर्मल आहे आणि एका सांध्यात पहिल्या ग्रेडचा एक ठिपका आहे, तर मी ठिपक्याला गोळी देत नाही.

ग्रेडचं सांगायचं राहिलं. 0 ते 3 असतात, 0 म्हणजे रंग नाही, 1 म्हणजे दोन-तीन ठिपके, 2 म्हणजे सुजलेल्या भागाच्या निम्म्यापर्यंत, 3 म्हणजे निम्म्याहून जास्त. खानावळीच्या बाईंचा 3 होता, चार महिन्यांच्या औषधानंतर 1, इरोजन आहे तेवढंच, आणि त्या एका दिवशीच्या पोळ्या दोनशेवरून शंभरावर आणायला मात्र काही केल्या तयार नाहीत.

आणि ज्यांची नुसती कंबर-गुडघे दुखतात त्यांनी हे वाचून उद्या सोनोग्राफीला रांग लावू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू केलं, त्यात साधारण 18 टक्के लोकांचं काही ना काही दुखत होतं, आणि आमवात निघाला तो दोनशेत एकाला. बाकीच्यांना प्रोबची नाही, डॉक्टरांनी नीट हात लावून बघण्याची गरज असते.

आईंसाठी आता नेमकं. जाण्याआधी सेंटरला फोन करून तीन गोष्टी विचारा: सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करता का, हाय फ्रिक्वेन्सीचा लिनियर, म्हणजे तो सरळ, चपटा प्रोब आहे का, पॉवर डॉपलर करणार का. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं "दोन्ही हात सोनोग्राफी" असेल तर "सायनोव्हायटिस आहे का, डॉपलर ग्रेडसह" एवढं लिहून घ्या (सायनोव्हायटिस म्हणजे अस्तराची सूज), बघणाऱ्याला काय शोधायचंय ते कळलं की रिपोर्ट बदलतो. वेदनाशामक गोळी एक-दोन दिवस थांबवता येते का ते डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने नाही, आणि स्टेरॉईडची गोळी चालू असेल तर ती अजिबात अचानक बंद करायची नाही. कुणी मध्येच स्टेरॉईडचं इंजेक्शन टोचलं असेल तर तारखेसकट सांगा, कारण त्यानंतर काही आठवडे सगळं खोटं शांत दिसतं.

रिपोर्टबरोबर फोटो मागून घ्या, सहा महिन्यांनी तुलना त्यांच्याशीच होणार आहे. आणि बांगड्या, अंगठ्या आदल्या दिवशी दुपारीच काढून ठेवा, सकाळी बोटं फुगलेली असतात तेव्हा निघत नाहीत, मग सेंटरमध्ये बेसिनपाशी साबण लावून ओढाताण चालते आणि तो सांधा त्या दिवशी उगाच जास्त दुखतो.